उमराव की सरदार?

ऐतिहासिक लेखन किंवा भाषांतर करताना दरबारातील बड्या असामीला उमराव म्हणावे की सरदार, हा प्रश्न वारंवार पडतो. दोन्ही शब्द समानार्थी मानून कोणताही वापरला, तर त्या माणसाचे वजन कशामुळे होते हेच वाचकाला कळत नाही.

उमराव हा मुळात अरबी ‘अमीर’ या शब्दाच्या ‘उमरा’ या अनेकवचनातून आला. मराठीने तो एकवचनी करून घेतला, त्यामुळे ‘एक उमराव’ म्हणण्यात चूक नाही. ‘अमीर-उमराव’ या जोडशब्दात मात्र एकाच शब्दाची दोन्ही वचने शेजारी नांदतात. या शब्दामागे बादशहाचा दरबार उभा असतो. औरंगजेबाच्या काळात साधारणपणे एक हजारी आणि त्यावरील मनसबदारांची (मनसब म्हणजे बादशाही चाकरीतला आकड्याने ठरणारा दर्जा) गणना उमरावांत होई, आणि शायिस्ताखानाला तर ‘अमीर-उल-उमरा’, म्हणजे उमरावांचा उमराव, असा किताब होता. मनसब बादशहा देई आणि काढूनही घेई, म्हणून उमरावाचा दर्जा त्याच्या मर्जीवर टिकून असे.

सरदार हा फारसी शब्द आहे. ‘सर’ म्हणजे डोके, आणि सरदार म्हणजे प्रमुख. मराठी मनात मात्र त्याच्यासोबत फौज येते. शिंदे किंवा होळकर यांना उमराव म्हटले तर कानाला खटकते, कारण त्यांचे बळ पथके आणि मुलूख यांत होते. इंग्रजी अमलात दख्खनच्या सरदारांच्या तीन श्रेणी ठरल्या, तेव्हा तलवार मागे पडून केवळ प्रतिष्ठा उरली. त्या काळाबद्दल लिहिताना हा बदल ध्यानात ठेवावा.

मानकरी हा तिसरा पर्याय जुन्या घराण्यांच्या परंपरागत मानासाठी चपखल आहे, पण आज तो पुरस्कार मिळवणाऱ्यालाही लागतो, म्हणून संदर्भ स्पष्ट हवा. जहागीरदार या शब्दाने केवळ उत्पन्नाचा हक्क कळतो, दर्जा नव्हे.

युरोपातील लॉर्डसाठी मी उमराव हाच शब्द निवडेन. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सला ‘उमरावांचे सभागृह’ म्हणण्याचा प्रघात आहेच, शिवाय 1958 च्या कायद्यानंतर तेथे तहहयात उमरावही नेमले जाऊ लागले, ज्यांची पदवी मुलाकडे जात नाही. अशा व्यक्तीला सरदार म्हटले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे विनाकारण घोडदळ उभे राहील.