साउंडप्रूफ काच म्हणून आमचीच जुनी काच परत बसवली, 40 हजार गेले

नाशिकला मुंबई नाक्याजवळ राहतो आम्ही, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीतून उड्डाणपूल अगदी समोर. ह्यांची अंबडला एमआयडीसीत शिफ्ट ड्यूटी. नाईट असली की सकाळी साडेसातला घरी येऊन झोपतात आणि नेमका तेव्हाच खालचा रस्ता जागा होतो, द्वारका चौकाकडे जाणाऱ्या बसेस, रिक्षा, हॉर्न, आणि पुलाच्या जॉइंटवरून लोड केलेला ट्रक गेला की धप्प-धप्प असा दणका, तो तर गादीतसुद्धा जाणवतो. उशी कानावर दाबून झोपायचे बिचारे. मला ते बघवायचं नाही, म्हणून दिवाळीनंतर सोसायटीत साउंडप्रूफ खिडकीचा डेमो देणारे दोघं आले तेव्हा मीच त्यांना घरी बोलावलं.

हे सगळं सविस्तर लिहितेय कारण डेमो इतका पटणारा होता की कोणीही फसेल.

त्यांच्याकडे प्लायवूडचा एक डबा होता. त्यात गजराचं घड्याळ वाजत ठेवलं, वर त्यांची जाड काच ठेवली आणि चारी बाजूंनी क्लॅम्प आवळले. आवाज गायबच झाला हो! सासूबाई पण म्हणाल्या, करून टाक. मग मोबाईलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप काढलं, संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, बेडरूमच्या खिडकीत फोन धरला तर आकडा 74. "वहिनी, राहत्या भागात सरकारी लिमिट दिवसा 55 आणि रात्री 45 आहे, तुम्ही कशात राहताय बघा." लिमिट त्याने खरंच सांगितलं होतं, नियमात तेच आहे, त्यामुळे बाकीचं पण खरंच असणार असं वाटलं. फक्त त्यावेळी खिडकी सताड उघडी होती हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ठरलं असं की आमच्या स्लायडिंगच्या फ्रेम तशाच ठेवायच्या, शटर, म्हणजे सरकणारी तावदानं, काढून न्यायचे आणि त्यात लॅमिनेटेड काच टाकून आणायची. 5 मिलीच्या दोन काचा आणि मधे पारदर्शक थर, एकूण 11.52 मिली. 4 बाय 4 च्या तीन खिडक्या, 48 स्क्वेअर फूट, 850 चा रेट, वरचे 800 सोडले म्हणून 40 हजार. बिल मागितलं तर म्हणाला 18 टक्के जीएसटी वर लागेल, कशाला वहिनी, मी गॅरंटी लिहून देतो ना. साध्या चिठ्ठीवर "10 वर्षे गॅरंटी" लिहून दिलं, खाली सहीसुद्धा वाचता येत नाही. 25 हजार रोख घेतले.

शटर नेले, तीन दिवस खिडकीला चादरी लावून बसलो, चौथ्या दिवशी दुपारी अडीचला घेऊन आले. बसवून झाल्यावर खिडकी घट्ट बंद केली, अ‍ॅप लावलं, 52. "बघा, 22 डेसिबल कमी!" आम्हाला पण बरं वाटलं, उरलेले 15 हजार लगेच युपीआयने पाठवले.

पुढच्याच आठवड्यात ह्यांची नाईट आली आणि ह्यांची उशी परत कानावर. मी म्हणायचे सवय व्हायला वेळ लागेल. फोन केला की तो सांगायचा काच सेट व्हायला महिनाभर लागतो. काच सेट होत वगैरे काही नाही, हे आता कळलंय.

गुढीपाडव्याची साफसफाई करताना खरा प्रकार उघडा पडला. काच पुसत होते तर कोपऱ्यात दोन-तीन बारीक बुडबुडे दिसले, नखाने खरवडलं तर पापुद्रा सुटायला लागला. ओढला तर हातभर पातळ फिल्म निघून आली आणि खाली पांढऱ्या रंगाचे तेच थेंब! घर रंगवलं तेव्हा पेंटरने पाडलेले, मी ब्लेडने काढायचा प्रयत्न केलेले, ब्लेडच्या आडव्या रेघासुद्धा तशाच. म्हणजे काच बदललीच नव्हती. माझीच काच नेली, फिल्म चिकटवली आणि मलाच 40 हजाराला विकली. हात थरथरायला लागले माझे, तिथेच स्टुलावर बसून राहिले.

आमच्या ओळखीचे एक काका सातपूरला अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचं काम करतात, त्यांना बोलावलं. त्यांनी एक शटर काढून वजनकाट्यावर ठेवायला लावलं, साडेअकरा किलो. ते म्हणाले, 5 मिलीची काच एका स्क्वेअर फुटाला साधारण 1.16 किलो भरते, तुमचं शटर 2 बाय 4, म्हणजे काच सव्वानऊ आणि बाकी फ्रेम. 11.52 ची लॅमिनेटेड असती तर शटर वीस किलोच्या वर गेलं असतं, आणि मुळात तुमच्या या जुन्या सेक्शनच्या खाचेत 5-6 मिलीच्या वरची काच बसतच नाही. बसवायला आलेला पोरगा एका हातात एक शटर धरून जिना चढला होता, ते मला तेव्हा आठवलं.

रीडिंगचं पण काकांनीच समजावलं. पहिलं उघड्या खिडकीत गर्दीच्या वेळी, दुसरं बंद खिडकीत दुपारी. कुठलीही साधी खिडकी बंद केली तरी एवढा फरक सहज पडतो. दोन्ही रीडिंग एकाच वेळची, एकाच जागेवरची आणि बंद खिडकीची पाहिजेत. आणि त्या डब्यात आवाज अडला होता तो मुख्य म्हणजे काचेच्या कडेला दाबून बसलेल्या जाड रबराने, शिवाय गजराचा आवाज बारीक, म्हणजे वरच्या पट्टीतला असतो, तो अडवणं सोपं. ट्रकची घरघर जाड, खालच्या पट्टीतली, ती अडायला वजनदार काच किंवा दोन काचांमध्ये भरपूर अंतर लागतं. पातळ फिल्मने काहीच होत नाही.

आमच्या खिडकीचा खरा दोष फटींचा होता. शटरच्या कडेच्या फटी झाकणारे ब्रश पार झिजलेले, शटर ज्यावर सरकतं ती खालची बेअरिंग बसलेली, दोन बाजूंना पाव-पाव इंच उजेड दिसत होता. काका म्हणाले एवढी फट म्हणजे खिडकीच्या एक टक्का झाली, आणि एक टक्का फट राहिली तर काच कितीही भारी लावा, 20 डेसिबलच्या पुढे फायदा जात नाही. त्यांनी ब्रश आणि बेअरिंग बदलले, फ्रेम आणि भिंतीच्या मधली भेग सिलिकॉनने भरली, आणि फक्त बेडरूमच्या खिडकीला आतल्या बाजूने चार इंच सोडून 6 मिलीच्या काचेची दुसरी खिडकी रबर लावून बसवली. सगळं मिळून 13 हजार, बिलासकट. हॉर्न आता लांबून आल्यासारखे वाटतात. पुलाचा दणका कमी झालाय, पूर्ण गेला नाही, आणि काकांनी ते आधीच सांगितलं होतं.

कोणी तुम्हाला डबल ग्लास विकत असेल, मधे हवेची पोकळी असलेली, तर रात्री काचेसमोर लायटर पेटवून तिरकं बघा, ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसली पाहिजेत, दोनच दिसली तर काच एकच. लॅमिनेटेडला ही युक्ती चालत नाही, ती फ्रेममध्ये टाकायच्या आधी कडेने बघायची, मधला थर दिसतो. कोपऱ्यात टफन्डचा शिक्का दाखवतील, पण टफन्ड म्हणजे मजबूत, तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा ती आवाज जास्त अडवत नाही.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, जिल्हा ग्राहक आयोगात पण जाणार आहोत, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. माझ्याकडे पुरावा म्हणून 15 हजाराचं युपीआय, ती चिठ्ठी आणि पेंटचे थेंब दिसणारे फोटो आहेत. रोख दिलेल्या 25 चं काहीच नाही. त्या माणसाचा नंबर आता लागत नाही.

मागच्या रविवारी आडगाव नाक्यावरून नणंदेचा फोन आला, त्यांच्या सोसायटीत पण प्लायवूडचा डबा घेऊन दोघं आलेत, नाव वेगळंच सांगताहेत. मी तिला एवढंच सांगितलं की पैशाचं बोलूच नको, आधी खिडकी बंद करून रीडिंग घ्यायला लाव आणि पक्कं बिल माग. पंधरा मिनिटांनी तिचा परत फोन आला, अ‍ॅप बंद पडलंय, उद्या येतो असं सांगून गेले म्हणाली. अजून आलेले नाहीत.