डिस्प्लेवर कायम २०: इथेनॉल सेन्सरच्या नावाखाली झालेली फसवणूक

गाडीत बाहेरून इथेनॉल सेन्सर (पेट्रोलमध्ये किती टक्के इथेनॉल आहे ते मोजणारा) बसवून घेतला असेल आणि डिस्प्लेवरचा आकडा कधीच २० वरून हलत नसेल, तर आधी बॉनेट उघडून पेट्रोलचा पाईप बघा, मग पुढचं वाचा. माझ्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये मुंबईतल्या एका ट्यूनिंग गॅरेजने हे काम केलं आणि त्याचे ८५,००० रुपये घेतले. जे बसवलं तो निव्वळ देखावा होता. पैशाचं दुःख आहेच, पण त्यांनी इंधनाच्या लाइनीत जे जोडकाम केलं होतं त्यामुळे गाडीला आग लागू शकली असती. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

हा सेन्सर लागतो कशाला, ते आधी सांगतो, म्हणजे पुढची लबाडी नीट कळेल. आता पंपावर मिळतं ते साधं पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला जेमतेम ९. त्यामुळे इथेनॉल वाढलं की इंजिनाला इंधनही जास्त द्यावं लागतं. दुसरीकडे इथेनॉलचा ऑक्टेन (अवेळी पेट न घेण्याची ताकद) जास्त, ते सिलिंडरही थंड ठेवतं, म्हणून टर्बो इंजिनात इग्निशन थोडं पुढे नेता येतं, म्हणजे ठिणगी जरा लवकर पाडता येते. पण टाकीत इथेनॉल कमी असताना इग्निशन पुढेच राहिलं तर नॉकिंग होतं, म्हणजे इंधन भलत्या वेळी धक्क्याने पेटतं, आणि पिस्टनची वाट लागते. ताकद वाढवलेल्या गाडीला टाकीत नेमकं काय आहे हे कळणं म्हणूनच गरजेचं. हौस म्हणून कोणी हा सेन्सर लावत नाही.

गॅरेजमध्ये मला मूळ कंपनीचा सेन्सर सीलबंद खोक्यात दाखवला. सेन्सर, वायरिंग, डिस्प्ले आणि इथेनॉलप्रमाणे बदलणारं ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग), असं सगळं मिळून एक रक्कम सांगितली. पैसे यूपीआयने दोन वेगवेगळ्या वैयक्तिक खात्यांवर मागितले. जीएसटीचं बिल ‘अकाउंटंट आला की’ मिळणार होतं. ते आजतागायत मिळालेलं नाही. गाडी ताब्यात देताना डिस्प्लेवर २० टक्के आणि इंधनाचं तापमान ४० अंश दिसत होतं. मालक म्हणाले, “सर, बघा, एकदम परफेक्ट. आता टेन्शन घेऊ नका.”

संशय आला तो त्या तापमानामुळे. मुलुंडला पहाटे गाडी काढली तरी ४०, आणि दुपारी सायनच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रखडून बॉनेटमधून वाफा यायची वेळ आली तरी ४०. रात्रभर उभ्या गाडीतलं इंधन आणि तापलेल्या इंजिनाशेजारून वाहणारं इंधन सारख्याच तापमानाचं कसं असेल? मग टाकी जवळपास रिकामी होऊ दिली आणि शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरलं, त्यात इथेनॉल फारसं नसतं, म्हणून आकडा खाली यायला हवा होता. पुणे एक्स्प्रेसवेवरून खोपोलीपर्यंत जाऊन आलो. आकडा २० चा २०.

गॅरेजला फोन केला तर उत्तर आलं, “सर, सेन्सरला नवीन पेट्रोल शिकायला वेळ लागतो.” हे साफ खोटं आहे. या सेन्सरला शिकायचं काहीच नसतं. त्याच्यातून जे इंधन वाहतं त्याचे विद्युत गुणधर्म तो मोजतो. पेट्रोलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ किती विद्युत ऊर्जा साठवू शकतो त्याचं माप) २ च्या आसपास, इथेनॉलचा २४ च्या आसपास, आणि या मोठ्या फरकावरच त्याचं काम चालतं. नवं पेट्रोल लाइनीतून सेन्सरपर्यंत पोचलं की आकडा बदललाच पाहिजे.

त्यांचं म्हणणं खोडायला हातात पुरावा हवा होता. प्रिन्सेस स्ट्रीटवरून १०० मिलीचा काचेचा मोजपात्र आणला. ही चाचणी कोणालाही जमते: १० मिलीपर्यंत पाणी, वर १०० पर्यंत पेट्रोल, तोंड बंद करून हलवायचं आणि स्थिर होऊ द्यायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर जितका वाढतो तितकं साधारण इथेनॉल. ई-२० असेल तर खालचा थर २७-२८ मिलीपर्यंत जातो. ओळखीच्या एका मेकॅनिककडून माझ्याच गाडीच्या लाइनीतलं पेट्रोल काढून घेतलं. खालचा थर १३ वर थांबला. म्हणजे गाडीत इथेनॉल तीन-चार टक्के आणि डिस्प्ले सांगतोय २०. (ही चाचणी उघड्यावर करा, आसपास गॅस किंवा सिगारेट नको, आणि नंतर ते पेट्रोल गटारात ओतू नका.)

माझा आतेभाऊ लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम करतो. रविवारी तो ऑसिलोस्कोप (वायरीतला सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेऊन घरी आला. मी विचारलं, “दादा, सेन्सरचा कनेक्टर काढून बघू का?” तो म्हणाला, “काढ. इंजिन बंद, नुसतं इग्निशन चालू ठेव.” कनेक्टर काढून हातात घेतला आणि डिस्प्लेवर तरीही २० टक्के, ४० अंश. दादा काहीच बोलला नाही, थेट डॅशबोर्डखाली शिरला.

सेन्सरपासून येणाऱ्या तिन्ही वायरी काळी टेप गुंडाळून गालिच्याखाली संपवल्या होत्या. कुठेच जोडलेल्या नव्हत्या. डिस्प्लेला जोडलेला होता एक नखाएवढा सर्किट बोर्ड, प्लास्टिकच्या नळीत बंद केलेला. स्कोपवर त्याचा सिग्नल दिसला: स्थिर ७० हर्ट्झ. या जातीच्या सेन्सरमध्ये ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के इथेनॉल आणि १५० हर्ट्झ म्हणजे शंभर टक्के. त्यामुळे ७० म्हणजे बरोबर २० टक्के. तापमान कळतं ते पल्सच्या रुंदीवरून, १ मिलिसेकंद म्हणजे उणे ४० अंश आणि ५ मिलिसेकंद म्हणजे १२५. इथे पल्स जवळजवळ ३ मिलिसेकंदांची होती, म्हणजे ४० अंश. दोन्ही आकडे कोणीतरी बसून ठरवले होते. ज्याला हे सगळं माहीत आहे त्याला खरा सेन्सर जोडणंही नक्कीच येत असणार, आणि या गोष्टीची मला सर्वांत जास्त चीड येते.

नंतर सेन्सर बाहेर काढला. दादाने त्याला १२ व्होल्ट दिले, सिग्नल वाचता यावा म्हणून त्या वायरीला पुल-अप रेझिस्टर लावला, पण आउटपुट मेलेलंच. जुना निकामी सेन्सर पुसून, नवं स्टिकर लावून बसवला होता. खोक्यातला चांगला नग दाखवण्यापुरता होता, तो बहुधा अजूनही कपाटात असेल.

पण सगळ्यात भयंकर निघाला तो पाईप. या इंजिनात टाकीपासून हाय-प्रेशर पंपापर्यंतच्या लाइनीतही काही बारचा दाब असतो. तिथे सेन्सर बसवायचा तर योग्य मापाचे क्विक-कनेक्ट जोड हवेत, आणि रबरी होज लावायचाच तर तो फ्युएल इंजेक्शनसाठीचा, इथेनॉल सहन करणारा हवा. चांगल्या होजवर त्याचा दर्जा छापलेला असतो, एसएई जे-३० आर-९ असा. माझ्या गाडीत कंपनीचा नायलॉन पाईप कापून मधे कोणतीही अक्षरं नसलेला साधा रबरी होज घातला होता आणि दोन्ही टोकांना स्क्रूवाली क्लिप आवळली होती. होज फुगून मऊ झाला होता, एका टोकाला ओल होती, आणि भयंकर तापणारा टर्बो तिथून हातभर अंतरावर. पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतो असं वॉचमनकाका सांगायचे तो इथून येत होता. त्या गाडीत माझी आई माझ्याबरोबर नाशिकला जाऊन आली होती. कोणाच्या घरचं माणूस त्यात बसणार आहे याचा होज लावणाऱ्याने एकदाही विचार केला नसेल का?

ट्यूनचा पुरावा म्हणून डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) छापील आलेखही दिला होता. त्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात हवेचं तापमान १६ अंश छापलेलं. गाडी मे महिन्यात मुंबईत दिली होती. तो आलेख माझ्या गाडीचा नव्हताच. दुसऱ्या ट्यूनरने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, वाचून बघितला, तर आत कंपनीचीच मूळ फाईल जशीच्या तशी होती.

गॅरेजमध्ये बोर्ड आणि फोटो घेऊन गेलो तेव्हा सूर बदलला. मालक म्हणाले, “तक्रार केलीत तर तुमचीच गाडी बेकायदा ठरेल, सर. विचार करा.” बरेच जण इथेच गप्प बसत असतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत हे खरं, आणि इंधन लाइनीतला बदल विमा कंपनीपासून लपवला तर क्लेम अडू शकतो हेही खरं. पण माझ्या वकिलांनी स्पष्ट सांगितलं की त्यामुळे बनावट वस्तू विकायचा परवाना कोणाला मिळत नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलांची नोटीस पाठवली, आणि आता ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप जपून ठेवा. मी सेन्सर काढण्यापूर्वी प्रत्येक जोडाचे फोटो आणि कनेक्टर काढतानाचा व्हिडिओ घेतला होता, आणि वकिलांना सगळ्यात उपयोगी तोच वाटला.

काम करून घेणारच असाल तर पैसे पूर्ण देण्याआधी गॅरेजमध्येच कनेक्टर काढायला लावा. खऱ्या जोडणीत डिस्प्ले लगेच एरर दाखवतो किंवा आकडा सोडतो. सेन्सरवरचा पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या, होजवरची छापील अक्षरं स्वतः वाचा, आणि मूळ पाईप कापणार की जोड वापरणार हे आधीच विचारा. ईसीयूमधली जुनी आणि नवी फाईल दोन्ही मागा. काम प्रामाणिक असेल तर यातल्या कशालाच कोणी नाही म्हणणार नाही.

आणि ज्यांच्या गाडीत असं काम आधीच झालंय, बॉनेटपाशी किंवा पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतोय, त्यांनी गाडी सुरू करून गॅरेजपर्यंत नेऊ नका. टोइंग बोलवा. त्या लाइनीत मूळ पाईप परत बसेपर्यंत माझी गाडीही जागेवरच उभी होती.