गोफंडमी : पहिल्याच प्रश्नाला नीट उत्तर द्या

अमेरिकेत ओळखीतल्या कुणावर संकट आलं की एक-दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर गोफंडमी या ऑनलाइन पैसे जमवायच्या सेवेची लिंक येते. मी ही सेवा वेगवेगळ्या कामांसाठी वापरली आहे. ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या मुलीला व्हीलचेअरसकट चढता येईल अशी व्हॅन हवी होती, तेव्हा मोहीम मी चालवली. पुढे प्राण्यांच्या एका निवाऱ्याचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा त्या नोंदणीकृत संस्थेसाठी चालवली. आणि तुरुंगातल्या लोकांना टपालाने पुस्तकं पाठवणारा आमचा छोटा गट आहे, त्याचंही पान तिथेच आहे. तिन्ही पानं दिसायला सारखीच, पण आतला व्यवहार पूर्ण वेगळा. बहुतेक रिव्ह्यूमध्ये हा फरक येतच नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पान सुरू करताना पहिल्याच टप्प्यावर विचारतात: पैसे कुणासाठी जमवताय? स्वतःसाठी, दुसऱ्या कुणासाठी की संस्थेसाठी? एका क्लिकचं काम असल्यामुळे लोक भराभर पुढे जातात. पण पैसे कुणाच्या खात्यात जाणार, देणाऱ्याला पावती मिळणार की नाही, घेणाऱ्याचं सरकारी साहाय्य टिकणार की नाही, हे सगळं याच उत्तरावर ठरतं.

आधी व्यक्तीसाठीची मोहीम. यासाठी याहून सोपं साधन माझ्या पाहण्यात नाही. फोटो आणि चार परिच्छेद मजकूर टाकला की पान तयार. ठरवलेली रक्कम पूर्ण जमली नाही तरी जमलेले पैसे मिळतात. मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे दुसऱ्यासाठी मोहीम चालवताना त्या व्यक्तीला ईमेलने लाभार्थी म्हणून जोडता येतं. मग पैसे थेट तिच्या बँक खात्यात जातात, चालवणाऱ्याच्या हाताला लागतच नाहीत. ही सोय नेहमी वापरा. २०१७ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका बेघर माजी सैनिकाच्या नावाने ४ लाखांहून जास्त डॉलर जमले होते आणि पुढे ती गोष्टच बनावट निघाली. गोफंडमीने देणगीदारांचे पैसे परत केले. आता गैरवापर झाला तर देणगीदाराला वर्षभरात परतावा मागता येतो. तरीही पैसा मधल्या माणसाकडे न थांबलेला सर्वांत बरा.

खर्चाचं म्हणाल तर २०१७ च्या अखेरीस त्यांनी अमेरिकेतल्या वैयक्तिक मोहिमांवरचं ५ टक्के शुल्क काढून टाकलं. आता प्रत्येक देणगीमागे २.९ टक्के आणि वर ३० सेंट एवढा व्यवहारखर्च कापला जातो. हे ३० सेंट लहान देणग्यांना जड जातात. एकाने १०० डॉलर दिले तर ३ डॉलर २० सेंट जातात. तेच दहा जणांनी दहा-दहा डॉलर दिले तर ५ डॉलर ९० सेंट. व्हॅनच्या वेळी मी ऑफिसमधल्या प्रत्येक टीमला सांगितलं, आपसात गोळा करा आणि एकाने भरा. संस्थेच्या मोहिमेत मात्र असं करू नका. तिथे पावती भरणाऱ्या एकाच्याच नावाने निघते, बाकीच्यांच्या हातात काहीच राहत नाही.

पैसे भरताना टिपसाठी एक पट्टी दिसते, तीत आकडा आधीच भरलेला असतो. ही टिप गोफंडमीला जाते, गरजूला नाही, आणि ती शून्यावर आणता येते. सेवा बऱ्याच अंशी या टिपांवर चालते, त्यामुळे मी थोडी देते. पण माझ्या ओळखीच्या वयस्कर मंडळींना मी हे आधी समजावून सांगते, कारण आपण नेमके किती पैसे कुणाला देतोय हे देणाऱ्याला कळलंच पाहिजे.

आता करसवलत. एखाद्या व्यक्तीला दिलेले पैसे ही कायद्याने भेट ठरते, आणि भेटीवर सवलत नाही. कारण कितीही खरं असो, आजार कितीही गंभीर असो. व्हॅनच्या वेळी एकाने सुचवलं की एखाद्या धार्मिक संस्थेच्या खात्यात पैसे घेऊ, चेकवर मुलीचं नाव लिहू, म्हणजे सगळ्यांना सवलत मिळेल. तसं होत नाही. संस्थेला दिलेली देणगी अमुक एका व्यक्तीसाठी राखून ठेवली असेल तर आयआरएस, म्हणजे अमेरिकेचा आयकर विभाग, तिला सवलत देत नाही. एकाच माणसासाठी किंवा एकाच कुटुंबासाठी संस्था काढली तर तिलाही ५०१(सी)(३), म्हणजे करसवलतीस पात्र धर्मादाय संस्थेचा, दर्जा मिळत नाही. लाभ घेणारा वर्ग मोठा किंवा खुला असावा लागतो.

पण यात देणाऱ्याचं फार काही बुडतं असंही नाही. २०१८ पासून स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे तपशील न दाखवता मिळणारी ठरावीक वजावट, जवळपास दुप्पट झालं, आणि तेव्हापासून दहातले साधारण नऊ करदाते देणग्यांचा तपशील रिटर्नमध्ये दाखवतच नाहीत. २०२६ पासून अशा लोकांनाही नोंदणीकृत संस्थांना दिलेल्या पैशांवर १,००० डॉलरपर्यंत, जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते, हे खरं. पण मैत्रिणीच्या मुलीला व्हॅन घ्यायची म्हणून ५० डॉलर देणारा माणूस त्या वजावटीकडे बघून देत नसतो. मला एवढंच वाटतं की सवलत मिळणार नाही हे पानावर स्पष्ट लिहावं, म्हणजे एप्रिलमध्ये रिटर्न भरताना कुणी पावती मागायला येत नाही.

घेणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी बघाव्या लागतात. मायेपोटी, काही मोबदला न घेता दिलेली भेट सहसा घेणाऱ्याचं करपात्र उत्पन्न धरत नाहीत. कधी १०९९-के (ऑनलाइन मिळालेल्या रकमेची आयआरएसला कळवलेली नोंद) फॉर्म आला तरी तेवढ्यावरून कर लागतो असं नाही, मात्र पैसे कुठून आले आणि कुठे गेले याचे कागद किमान तीन वर्षं जपून ठेवा. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. अपंग व्यक्तीला एसएसआय, म्हणजे गरजूंना दरमहा मिळणारं सरकारी साहाय्य, मिळत असेल तर तिच्या नावावर २,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता चालत नाही. ही मर्यादा १९८९ पासून बदललेली नाही. म्हणजे प्रेमाने जमवलेले पैसे तिच्या खात्यात पडले की महिन्याचा आधार बंद पडू शकतो, आणि बऱ्याच राज्यांत त्याला जोडलेला मेडिकेड हा सरकारी आरोग्य विमाही धोक्यात येतो. मैत्रिणीची मुलगी एसएसआयवर आहे. म्हणून पान उघडायच्या आधी ती वकिलाला भेटली, त्यांच्या सल्ल्याने लाभार्थी म्हणून आईचं नाव घातलं आणि खरेदीची आखणी तशी केली. ज्या घरात अपंगत्व आहे त्यांनी मोहिमेआधी हा सल्ला घ्यावाच. एबल खातं (अपंगांसाठीचं खास बचत खातं) किंवा विशेष गरजांसाठीचा ट्रस्ट असे मार्ग आहेत, पण पैसे येण्याआधी तयारी झालेली असेल तरच ते नीट उपयोगी पडतात.

संस्थेसाठीची मोहीम त्यामानाने सरळ. यादीतून संस्था निवडायची. पैसे तुमच्या हातात येत नाहीत, पेपाल गिव्हिंग फंडसारख्या मधल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत जातात, आणि देणगीदाराला पावती आपोआप ईमेलने मिळते. निवाऱ्याचं काम चोख झालं. तरी माझा सल्ला, आधी संस्थेला फोन करा. बऱ्याच संस्थांचं स्वतःचं देणगी-पान असतं, आणि तिथून दिलं तर देणगीदाराशी त्यांचा थेट संबंध जुळतो. २०२५ मध्ये गोफंडमीने सुमारे १४ लाख संस्थांची पानं त्यांना न विचारता तयार केली होती. त्यावर संस्था नाराज झाल्या, आणि कंपनीला माफी मागून संमतीची पद्धत आणावी लागली. नाराजी रास्त होती. आपल्या नावाने पैसे कुठे मागितले जातायत हे संस्थेला माहीत असायला हवं.

राहिला आमचा पुस्तकांचा गट. आम्ही व्यक्ती नाही आणि नोंदणीकृत संस्थाही नाही, त्यामुळे आमचं पान एका सभासदाच्या नावावर आहे. कायद्याच्या नजरेत टपालखर्चासाठी आलेला प्रत्येक डॉलर त्या सभासदाच्या खात्यात जमा होतो. सगळ्या सेवेत मला हीच जागा कच्ची वाटते, आणि ती गोफंडमीला भरून काढता येणारी नाही. एक उपाय म्हणजे फिस्कल स्पॉन्सर: एखाद्या ५०१(सी)(३) संस्थेच्या छत्राखाली जायचं, ती पैसे घेते, पावती देते आणि ठरलेला टक्का ठेवते. आम्ही तो विचार केला होता. पण ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन या अशाच एका स्पॉन्सर संस्थेने २०२४ मध्ये काम बंद केलं आणि तिच्या आधारावरच्या शेकडो गटांना नवं घर शोधावं लागलं, हे पाहून आम्ही थांबलो.

आता ५०१(सी)(३) दर्जासाठी स्वतःचाच अर्ज करतोय. वर्षाची जमा ५०,००० डॉलरच्या आत असली की १०२३-ईझेड हा छोटा फॉर्म चालतो, फी २७५ डॉलर. नंतर राज्याकडे देणगी मागण्याची नोंदणी, कारण बहुतेक राज्यांत ती वेगळी लागते. आणि दरवर्षी ९९०-एन हा आयआरएसचा छोटा वार्षिक फॉर्म, तो सलग तीन वर्षं भरायचा राहिला तर दर्जा आपोआप जातो. फॉर्म भरायचं काम मी घेतलं आहे. मंजुरी येईपर्यंत जुनं पान चालू राहील. त्यावर पहिलीच ओळ अशी आहे की आम्ही नोंदणीकृत संस्था नाही आणि या पैशांवर करसवलत मिळणार नाही. खाली दर महिन्याचा टपालाचा हिशेब टाकतो.