फाटकाची पहिली घंटा पकडणारा खिशातला रेकॉर्डर

मला रेल्वे फाटकांच्या नोंदी ठेवायचा नाद आहे. गाड्यांच्या नाही, फाटकांच्या. शिकागोच्या पश्चिमेला राहतो. शनिवारी सकाळी वही घेऊन निघायचं आणि लिहून घ्यायचं: लाल दिवे आठ इंची की बारा इंची, आत बल्ब की एलईडी, दांडा खाली आणणारं यंत्र कुठल्या कंपनीचं, घंटा खरी धातूची की इलेक्ट्रॉनिक. शिवाय खांबावरच्या निळ्या पाटीवरचा क्रमांक, सहा आकडे आणि एक इंग्रजी अक्षर. तो देशभरात त्या एकाच फाटकाचा असतो. पाटीवर फोन नंबरही असतो, रुळांवर गाडी अडकली तर कळवायला.

घंटेचा आवाज मात्र वहीत उतरत नाही. फोनवर करून पाहिलं. माझा फोन घंटेला गोंगाट समजून दाबून टाकायचा आणि बोलणाऱ्यांचा आवाज वर आणायचा! शेवटी शंभर डॉलरच्या आतला एक रेकॉर्डर घेतला. मुठीत मावणारा, डोक्यावर दोन माइक. खोड्या सांगणार आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही.

पैसे वसूल झाले ते एकाच सोयीमुळे. बटण दाबण्याआधीचे दोन सेकंद हा रेकॉर्डर धरून ठेवतो. तयार ठेवायचा, घंटा ऐकू आली की दाबायचं, पहिला ठोका फायलीत सापडतोच. फाटकवेड्याला याची किंमत कळेल. गाडीची चाकं रुळांमधलं सर्किट जोडतात आणि फाटक जागं होतं (ही युक्ती अमेरिकी संशोधक विल्यम रॉबिन्सनची, 1872 सालची). गाडी पोचायच्या किमान 20 सेकंद आधी इशारा सुरू व्हावा असा इथला नियम आहे. दिवे लुकलुकू लागल्यावर निदान तीन सेकंद तरी दांडा हलत नाही. त्या तीन सेकंदांत दांड्याच्या मोटरची घरघर नसते, गाडीचा आवाज अजून लांब असतो. नुसती घंटा. मला हवे असतात ते हेच तीन सेकंद, आणि फोनवर नेमके तेच हुकायचे.

आता खोड्या. आवाजाची पातळी आपोआप ठरवायची सोय फाटकावर कुचकामी आहे. शिकागोच्या पश्चिमेला डीकाल्ब गाव आहे, त्याच्या पुढे मक्याच्या शेतातल्या एका फाटकावर मी ती चालू ठेवली होती. इंजिनानं भोंगा दिला, दोन लांब, एक आखूड, एक लांब. नियमाप्रमाणे शंभर फुटांवर तो 96 ते 110 डेसिबल असतो. रेकॉर्डरनं दचकून पातळी इतकी खाली ओढली की पुढचे काही सेकंद घंटा गायबच. तेव्हापासून पातळी हातानं कमी ठेवतो. वाऱ्यासाठी फोमची टोपी वेगळी विकत घ्यावी लागली, ती डब्यातच हवी होती. अंग प्लॅस्टिकचं, बोट सरकलं तरी खरखर येते. म्हणून छोट्या तिपाईवर लावून फुटपाथवर ठेवतो. रुळांजवळच्या, फाटकाची यंत्रणा असलेल्या चंदेरी पेटीवर ठेवायचा मोह होतो, पण ती रेल्वेची हद्द. तिकडे जायचं नाही.

डाउनर्स ग्रोव्ह या शिकागोच्या उपनगरात मेन स्ट्रीटवर रुळांचे तीन मार्ग आहेत. तिथे एक गाडी गेली, दांडे वर निघाले, आणि अर्ध्यातूनच परत खाली आले. दुसऱ्या बाजूनं दुसरी गाडी. हे सगळं एका फायलीत, डाव्या-उजव्या कानात स्पष्ट वेगळं ऐकू येतं. तीच फाइल घरी लावली तर बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, शाळा सुटली का?" माझं लहानपण कुर्डुवाडीचं. तिथे आधी केबिनमधला फोन खणखणायचा, मग गेटमन हँडल फिरवायचा, आणि तेवढ्यात चार सायकली खालून पसार. ते आवाज माझ्याकडे नाहीत.

थंडीत वापरणार असाल तर एक सांगतो. जानेवारीत साध्या अल्कलाइन बॅटऱ्या अर्ध्या तासात माना टाकतात, लिथियमच्या घाला. बटणं इतकी बारीक की हातमोजा काढावाच लागतो. पाचपैकी चार तारे. एक फोमच्या टोपीसाठी कापला.