सायकलिंग शॉर्ट्स : सात महिने वापरल्यावर

सायकल घेतली तेव्हा सगळे पैसे सायकल आणि हेल्मेटवर गेले. खाली काय घालायचं याचा विचारच केला नव्हता. घरची सुती लेगिंग होतीच, आणि इथे नागपुरात सेमिनरी हिल्स-फुटाळ्याच्या फेरीला ती चाललीही. पहिल्यांदा कोराडीला जाऊन आले, त्या दिवशी मात्र मांड्या आतून सोलवटल्या. दोन दिवस ऑफिसच्या खुर्चीत बसवत नव्हतं. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओली शिवण कातडीवर घासत राहते.

मग ऑनलाइन एक स्वस्तातली जेल पॅडवाली, म्हणजे बैठकीच्या जागी आतून जेलची गादी शिवलेली शॉर्ट मागवली. पॅड हाताला छान गुबगुबीत लागलं, त्यालाच भुलले. जाड पण मऊ पॅडमध्ये बैठकीची हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन नेमका नाजूक जागी दाबतो. वर्धा रोडवर अर्ध्या तासात मुंग्या यायला लागायच्या. शिवाय ते पॅड पुरुषांच्या बेताचं, लांब आणि मागे अरुंद. बायकांच्या बैठकीच्या हाडांमध्ये साधारणपणे जास्त अंतर असतं. म्हणून आपल्याला पॅड मागे रुंद हवं, पुढे आखूड चालतं, आणि बरोब्बर मधून शिवण नकोच.

डिसेंबरपासून वापरतेय ती शॉर्ट दुकानात जाऊन, घालून बघून घेतली. तिचं पॅड पातळ आहे, पण दाबलं की लगेच भरून येतं. ट्रायल रूममध्ये सरळ उभं राहून ठरवू नका. उभं असताना ती जरा विचित्र, पुढे ओढल्यासारखीच वाटते. हँडल धरल्यासारखं वाकून बघा : पॅड अंगाला चिकटून राहिलं पाहिजे, कंबरेचा पट्टा पोटात रुतायला नको. मी सवयीने एक माप मोठं उचललं होतं, ते परत ठेवलं. सैल शॉर्टमध्ये पॅड सरकतं आणि सरकलं की घासतं.

आणि हो, सायकल चालवताना आत निकर घालायची नाही. मलाही आधी कसंतरीच वाटलं होतं. पण निकरच्या शिवणी टाळायलाच तर पॅड बिनशिवणीचं करतात. ट्रायलच्या वेळी मात्र आत निकर ठेवाच, ते कापड पुढे दुसरीच्या अंगाला लागणार असतं. घट्ट कपड्याचा संकोच वाटत असेल तर वरून पातळ, सैल हाफपँट घाला. मी सुरुवातीचे दोन महिने तेच केलं.

रामटेकसाठी, म्हणजे जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटरसाठी, खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट घेतली. पोटावर इलॅस्टिक नाही, त्यामुळे वाकून बसायला फार सुख. पण साध्या बिबमध्ये लघवीला जायचं तर वरचा टी-शर्टही काढावा लागतो, आणि त्या रस्त्यावर बायकांसाठी बरी जागा आधीच मुश्किलीने सापडते. म्हणून पट्टे न काढता मागून खाली करता येईल अशीच घ्या. पैसे जास्त जातात, तरी घ्या.

आपल्याकडचं ऊन वेगळंच. मे महिन्यात पाचला निघूनही सातपर्यंत पॅड घामाने ओलं व्हायचं. घरी आल्यावर त्याच शॉर्टमध्ये चहा पीत बसू नका. त्या ओलीमुळेच जांघेत पुरळ येतं. लगेच आंघोळ करा, शॉर्ट उलटी करून साध्या साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. गच्चीवरच्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात माझ्या जेलवाल्या शॉर्टचं इलॅस्टिक एका उन्हाळ्यात ढिलं झालं. कपडे मऊ करणारं द्रव नको, त्याने कापड घाम शोषेनासं होतं. आता पावसाळ्यात पॅड रात्रभर पंख्याखाली ठेवूनही सकाळी दमटच असतं, त्यामुळे रोज चालवणार असाल तर दोन शॉर्ट्स लागतीलच.

कापड मागून विरत जातं आणि ते घालणारीला दिसत नाही. मधूनमधून शॉर्ट खिडकीसमोर ताणून धरून बघा. उजेड आरपार दिसला, तर पॅड कितीही चांगलं असलं तरी ती रस्त्यावर घालू नका.