ओलिंपस टीजी-६: थंड पाण्यातला माझा पहिला कॅमेरा

मी मूळची मालवणची, आता एडिनबरात राहते आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या सेंट ॲब्जला डायव्हिंग करते. एप्रिलमध्ये तिथलं पाणी जेमतेम ६-७ अंश असतं. हौसेची सुरुवात म्हणून मी सेकंडहँड टीजी-६ घेतला.

हा कॅमेरा नुसताही पाण्यात १५ मीटर खोलीपर्यंत चालतो, पण मी ४५ मीटर खोलीपर्यंत चालणारं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं जलरोधक कवच, लावते. खरी कमाल आहे मायक्रोस्कोप मोडची. भिंगापासून १ सेंटिमीटरवरही फोकस लागतो. नखाएवढी समुद्री गोगलगाय, पण तिच्या पाठीवरचा पिसारा असा स्पष्ट येतो की मी पहिला फोटो तिथल्या तिथे आईला पाठवला. लहानपणी तिच्याबरोबर खडपावर कालवं काढताना असलं काही दिसलंच नव्हतं! रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो, मिळते, त्यामुळे पाण्याची हिरवट झाक घरी काढता येते.

थंडीची तयारी मात्र आपणच करायची. गारठ्यात बॅटरी लवकर उतरते, एक जास्तीची हवीच. उबदार, दमट खोलीत हाउसिंग बंद केलं की पाण्यात काचेवर आतून वाफ धरते. म्हणून मी ते बाहेर कोरड्या गार हवेत बंद करते, आत सिलिका जेलची पुडी टाकते. ओ-रिंगवर, म्हणजे हाउसिंगच्या झाकणाच्या रबरी कड्यावर, एखादा केस अडकलेला नाही ना, हे दोनदा बघा. जाड हातमोज्यांनी बटणं दाबायचा सराव मी घरी बादलीत केला, आणि तो फार उपयोगी पडला.

पुढच्या महिन्यात टॉर्च घेणार आहे. कपारीतला वुल्फफिश अजून नीट टिपायचाय.