बॉक्सिंग की किकबॉक्सिंग? पहिल्यांदाच ग्लोव्हज घालणार असाल तर

मावसबहिणीचा नाशिकहून फोन आला. "ताई, मला ठोसे मारायला शिकायचंय. बॉक्सिंग लावू की किकबॉक्सिंग?" ती एकतीस वर्षांची आहे आणि शाळा सुटल्यापासून कुठलाच खेळ खेळलेली नाही. मीही पुण्यात जवळपास याच वयात, इतक्याच कोऱ्या पाटीने सुरुवात केली होती. आधी दोन महिने किकबॉक्सिंग केलं, मग बॉक्सिंगकडे वळले आणि तिथेच राहिले. फोनवर तिला जे सांगितलं ते तुटक होतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिला महिना

बॉक्सिंगमध्ये पहिल्यांदा शिकवतात ते उभं राहायला. डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालाशी. डावखुरी असाल तर याच्या उलट. त्यानंतर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आणि बरेच दिवस फक्त जॅबच. मग मागच्या हाताचा सरळ क्रॉस, पुढे बाजूने येणारा हुक आणि खालून वर जाणारा अपरकट. ठोशांचे प्रकार एवढेच, त्यामुळे चार-सहा आठवड्यांत टांगलेल्या पंचिंग बॅगवर काहीतरी जमतंय असं वाटायला लागतं. "माझ्या हातात जोरच नाही" असं आपण बायका फार पटकन म्हणतो. पण ठोशाचा जोर दंडातून येतच नाही. मागचा पाय जमिनीवर फिरतो, कंबर वळते आणि तो जोर खांद्यातून मुठीत उतरतो. हे ज्या दिवशी अंगात भिनतं, त्या दिवशी बॅगचा आवाज बदलतो. तो आवाज ऐकण्यासाठी मी आजही जाते.

महिनाभर दुखतात ते खांदे आणि पोटऱ्या. तीन मिनिटांचा राउंड, एक मिनिट विश्रांती, आणि त्या तीन मिनिटांत हात खाली येऊ द्यायचे नाहीत. पोटऱ्यांचं दुखणं दोरीच्या उड्यांमुळे.

किकबॉक्सिंगमध्ये हेच सगळे ठोसे असतात, वर लाथांची भर. साहजिकच सगळं हळू जमतं. एका पायावर तोल, मांडीमागच्या स्नायूंचा ताण, खुब्याची लवचीकता हे सगळं एकदम मागितलं जातं. शरीर मात्र जास्त समतोल तयार होतं. दोन महिन्यांत माझे खुबे जेवढे मोकळे झाले तेवढे नंतर बॉक्सिंगने कधी केले नाहीत. पायही बाईच्या शरीरातला सर्वांत दमदार अवयव. पहिली नीट बसलेली राउंडहाउस किक, म्हणजे बाजूने गोल फिरवलेली लाथ, समोरच्याने धरलेल्या जाड पॅडवर आदळते तेव्हा पॅड धरणारा मागे सरकतो, आणि त्याचा आनंद वेगळाच.

जपायचं ते गुडघ्याला. राउंडहाउस मारताना जमिनीवरचा पाय चवड्यावर पुरेसा वळला नाही, तर सगळा पीळ त्या गुडघ्यात बसतो. चांगला कोच पहिल्या दिवसापासून तुमच्या जमिनीवरच्या पायाकडे बघतो. जो फक्त "अजून वर, अजून वर" करतो, त्याच्याकडे जाऊ नका. जुनं गुडघ्याचं दुखणं असेल तर बॉक्सिंग बरं. मनगट किंवा खांदा अधू असेल तर किकबॉक्सिंगमध्ये लाथांवर भर देता येतो, पण ते कोचला आधी सांगून.

बाळंतपणानंतर सुरू करणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण मला ती कोणीच सांगितली नव्हती. दोरीच्या उड्या मारताना लघवीचे थेंब निसटू शकतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्याने हे होतं, पुष्कळ जणींना होतं आणि फिजिओथेरपीने सुधारतं. तोवर दोरीऐवजी जागच्या जागी पावलं टाकायची. कोचला कारण सांगायची गरज नाही, "उड्या जमणार नाहीत" एवढं पुरे.

पाटीवर एक नाव, आत दुसरंच

दोन खेळांतल्या फरकापेक्षा दोन जागांमधला फरक मोठा असतो. बॉक्सिंग क्लब म्हणजे बहुधा एखाद्या शाळेच्या नाहीतर क्रीडासंकुलाच्या आवारातली शेड. फी कमी, शिस्त कडक, आणि कोचचं लक्ष स्पर्धेला जाणाऱ्या पोरापोरींवर. तुमची बॅच पहाटे किंवा संध्याकाळी त्यांच्याबरोबरच. तिथे शिकायला मिळतं ते अस्सल, पण तीस वर्षांच्या नवशिकीला कोपऱ्यातली बॅग देऊन विसरून जाण्याचा धोका असतो. पहिले तीन आठवडे मलाही असंच विसरले होते. चौथ्या आठवड्यात मी सरांना जाऊन विचारलं, "सर, आठवड्यातून एकदा माझ्यासाठी पॅड धराल का?" धरले. त्या पाच-सहा मिनिटांनी जे शिकवलं ते बॅगने महिनाभरात शिकवलं नव्हतं.

किकबॉक्सिंगच्या पाटीखाली मात्र तीन-चार निरनिराळ्या गोष्टी चालतात. कराटे किंवा तायक्वांदोच्या क्लासमध्ये शिकवतात ते बहुतेकदा मॅटवरचं पॉइंट फायटिंग किंवा लाइट कॉन्टॅक्ट. स्पर्श झाला की गुण, पूर्ण जोर लावायचा नाही. फुल कॉन्टॅक्ट, लो किक आणि के-वन हे रिंगमधले प्रकार. लो किकमध्ये मांडीवर लाथ चालते, के-वनमध्ये गुडघाही. एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) जिममध्ये जे किकबॉक्सिंग म्हणून शिकवतात ते पुष्कळदा थायलंडचं मुआय थाय असतं, म्हणजे कोपर, गुडघा आणि गळ्याशी धरून झुंजणंही आलं. म्हणून प्रवेश घेण्याआधी "कुठल्या नियमांचं?" हे विचारा. उत्तर देता आलं नाही, तर तिथे चौथाच प्रकार आहे. गाणी लावून, आरशासमोर, हवेत हातपाय. घाम भरपूर निघतो, मन हलकं होतं, आणि तेवढंच हवं असेल तर जरूर जा. पण वर्षभरानंतरही समोर हात आला की डोळे मिटतील, कारण समोर कधी कोणी उभंच राहिलेलं नसतं.

कोणाबरोबर

माझ्या मते सगळ्यांत आधी बघायचं ते हे. एक ट्रायल क्लास घ्या आणि तिथे सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ येणारी एखादी बाई आहे का ते शोधा. असेल तर पाणी पिताना तिच्याशी दोन मिनिटं बोला. नवीन मुली येतात आणि सगळ्याच महिन्याभरात निघून जातात, अशी जागा असेल तर कारण शोधत बसू नका, दुसरीकडे चला.

पुरुष जोडीदार मिळणारच, दोन्हीकडे. त्यात अडचणीचे दोन प्रकार. एक जण पॅड इतके सैल धरतो की ठोशाला आधारच मिळत नाही, त्याला वाटतं आपण काळजी घेतोय. त्याला "दादा, जरा घट्ट धरा" म्हटलं की बहुतेक वेळा भागतं. दुसरा प्रत्येक राउंडला स्वतःला सिद्ध करतो. त्याच्याबरोबर उभं राहायचं नाही आणि तसं कोचला मोठ्याने सांगायचं. कोचची कसोटी तिथेच लागते. स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची ठेवण, दुरुस्त करताना चांगला कोच तोंडाने सांगतो, पॅडने खूण करतो, हात लावण्याआधी विचारतो. किकबॉक्सिंगमध्ये कंबर आणि मांडीची जागा दुरुस्त करावी लागते, त्यामुळे हा प्रश्न तिथे जास्त येतो. पहिल्याच दिवशी खटकलं तर दुसऱ्या दिवशी जायचं नाही.

स्पॅरिंगची, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीची, घाई दोन्हीकडे नको. तीन-चार महिन्यांच्या आत कोणी डोक्यावर मार घ्यायला उभं करत असेल तर नकार द्या. आयुष्यभर स्पॅरिंग न करताही बॉक्सिंग करता येतं. डोक्याला मार बसून नंतर मळमळलं, धूसर दिसलं किंवा डोकं दुखत राहिलं, तर सराव तिथेच थांबवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

सामान

आधी स्वतःचे हँडरॅप, म्हणजे ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्ट्या, घ्या, १८० इंची. क्लबचे सामाईक ग्लोव्हज महिनाभर चालतील, रॅप मात्र कोणाचे घ्यायचे नाहीत. नंतर बॅगसाठी १० किंवा १२ औंसाचे ग्लोव्हज. आपले हात लहान, त्यामुळे रॅप बांधून घालून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका; आत मूठ हलली तर मनगट मुरगळतं. चांगली स्पोर्ट्स ब्रा ग्लोव्हजपेक्षा आधी. किकबॉक्सिंगला जोडीचा सराव सुरू झाला की नडगीवर बांधायचे शिन गार्ड लागतात, म्हणजे खर्च थोडा जास्त. बॉक्सिंगला शूज पुढे कधीतरी घ्या, किकबॉक्सिंग मॅटवर बहुधा अनवाणीच.

"स्वसंरक्षणासाठी कुठलं बरं?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. मनगट पकडलं, मागून मिठी मारली, खाली पाडलं, तर काय करायचं हे यातला कुठलाच खेळ नीट शिकवत नाही. त्यासाठी ज्युदो किंवा कुस्तीकडे जावं. ग्लोव्हजशिवाय मुठीने कडक जागी मारलं तर करंगळीमागचं हाड मोडू शकतं, आणि चपला घालून ओल्या रस्त्यावर उंच लाथ मारणं म्हणजे आपणच पडणं. पण अंतर ओळखणं, हात पटकन वर येणं, अंगावर काही आलं की डोळे उघडे ठेवून बाजूला सरकणं, हे बॉक्सिंग लवकर देतं. हे काही कमी नाही.

मुलीसाठी विचारत असाल तर

तर उत्तर थोडं बदलतं. महिला बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये २०१२ च्या लंडनपासून आहे, त्याच वर्षी मेरी कोमने ५१ किलो गटात कांस्य जिंकलं. किकबॉक्सिंगच्या जागतिक संघटनेला ऑलिंपिक समितीची मान्यता २०२१ मध्ये मिळाली, पण खेळ अजून ऑलिंपिकमध्ये नाही. स्पर्धेचं स्वप्न असेल तर हा फरक मोठा. पण आज निवडलेलं कायमचं असतं असंही नाही. टोकियोत ६९ किलो गटात कांस्य मिळवणाऱ्या लवलीना बोर्गोहेनने आसाममध्ये सुरुवात मुआय थायने केली होती, बॉक्सिंग नंतर आलं.

दोन्ही जागा सारख्याच जवळ आणि सारख्याच चांगल्या असतील तर मी बॉक्सिंग सांगेन. शिकायच्या गोष्टी कमी, म्हणून पाया लवकर पक्का होतो. वर्षभराने लाथा जोडता येतात. आधी सगळं एकदम घेतलं तर हातांचा गार्ड, म्हणजे चेहरा झाकणारे हात, कच्चा राहतो. माझा तसाच राहिला होता आणि तो सुधारायला बरेच महिने गेले.

पण मावसबहिणीला मी किकबॉक्सिंगच लावायला सांगितलं. बॉक्सिंग क्लब तिच्या घरापासून पाऊण तासावर, बॅच पहाटे साडेपाचला, आणि घरात चार वर्षांचं पोर. किकबॉक्सिंगचा क्लास चालत दहा मिनिटांवर, संध्याकाळी सातला, रस्ता उजेडाचा. ट्रायलला गेली तर तिथे एक बँकेतल्या काकू दोन वर्षांपासून येतात, आणि सरांनी तिच्या जमिनीवरच्या पायाला चार वेळा टोकलं. तिला म्हटलं, आठवड्यातून तीन दिवस जा आणि गार्डकडे लक्ष ठेव. हँडरॅप मी कुरिअरने पाठवलेत. सोमवारपासून जाते म्हणाली.